शहाड किंवा टिटवाळा

बाबा गेले आणि महिन्याभराने आईच्या फोनवर डायलिसिस सेंटरचा मेसेज आला: उद्या सकाळी पेशंटला घेऊन या. माझं डोकंच फिरलं. तडक तिथे जाऊन भांडलो. तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पेशंट शहाडचा किंवा टिटवाळ्याचा आणि हयात, अशी अट त्याने मेसेजच्या यादीसाठी लिहिलेली, पण कंस घातला नव्हता. कंस नसला की कॉम्प्युटर ‘आणि’ आधी जोडतो, ‘किंवा’ नंतर. म्हणजे हयात असायची अट फक्त टिटवाळ्याला लागली. आमच्या शहाडचे गेलेलेसुद्धा यादीत आले. ‘शहाड किंवा टिटवाळा’भोवती कंस मीच घातला.

घरी आईने बाबांची डायलिसिसला न्यायची चादर धुऊन, घडी घालून पिशवीत भरलेली.

“चूक होती त्यांची. आता नाही येणार मेसेज,” मी म्हणालो.

“तुला कोणी सांगितलेलं रे नीट करायला?”