पेंढारी म्हणजे शूर घोडेस्वार!

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, आणि या मराठीपायीच माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

सायलीची सुपारी कळंब्याला आमच्या घरीच होती. मुहूर्त दुपारचा, म्हणून जेवणं आधी. नेसरीहून मुलाकडची पंधरा माणसं येणार होती. आली एक्केचाळीस! (टेम्पोतून माणसं उतरायची थांबेचनात. पलीकडच्या बाजूनं कुणी भरतंय की काय?) पहिल्या पंगतीत पुऱ्या संपल्या, दुसरीत मसालेभात. बासुंदीचं पातेलं तर घासून ठेवल्यासारखं लख्ख!

"अवो, आता काय वाढू? माझं डोस्कं?" बायको स्वयंपाकघरात कडाडली.

"मी तरी काय करू? माणसं न्हाईत ही, पेंढारी हायत पेंढारी!" असं ओरडून मी वळलो. दारात मुलाचे आजोबा उभे. आप्पा. हातात रिकामी वाटी!

"काय म्हणालासा, मास्तर?"

बायकोनं तोंडात पदर कोंबला.

"पेंढारी म्हणालो, आप्पा. म्हणजे... शूर घोडेस्वार! वाऱ्यासारखे येणारे!"

"साळंत आमाला कायतरी येगळंच सांगितलंतं."

"तो जुना अर्थ! साहित्यात हा शब्द फार प्रेमानं वापरतात. एखादा पाहुणा मन लुटून नेतो ना, त्याला म्हणायचं, आला की आमचा पेंढारी!" (असं वाक्य मराठीत आजवर कुणी लिहिलेलं नाही. लिहूही नये.)

आप्पांनी माझा दंड धरला आणि थेट मांडवात नेलं. "आरं ऐका! मास्तर आपल्याला पेंढारी म्हणाल्यात! मास्तर, जरा इस्कटून सांगा की सगळ्यास्नी."

मग काय, अर्धा तास बोललो! व्युत्पत्ती सांगितली, लक्षणार्थ सांगितला, दोन अलंकार जागेवर तयार केले. सायली लांबून डोळे वटारत होती. बायको हातानं खुणावत होती, बस करा!

अखेर आप्पा उठले. "मास्तर, पेंढारी मंजे लुटारू. गावं जाळत सुटणारं. शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

सायलीचा चेहरा पांढराफटक.

"मग मला बोलू कशाला दिलंत?"

"बगत हुतो, पोरीसाठी बाप कुठवर थापा मारतोय! मानूस बरा हाय. फोडा रं सुपारी!"

मांडव हसून लोळला. सुपारी फुटली, लग्नही झालं.

पण मला अजून एकच गोष्ट खुपते. वीस वर्षं मी मराठी शिकवतोय. एकानंही जांभई न देता ऐकलेला माझा तास तेवढाच, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं!