‘मागचं वाढवून दे’

गुणवंत पिंपळकर काकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माणूस देवासारखा, पण एवढं सोज्वळ बोलावं काहून?

आमचं ऑफिस हिंदी मुलखातल्या शहरात, गोहलपूर मोहल्ल्यात, बॅटरीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. मालक आनंद भैया, अन् प्रोग्राम लिहिणारे दोघंच: अठ्ठावन्न वर्षांचे काका आणि मी, प्रणोती. या वयात काकांना दुसरीकडे कोणी उभंही करणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

कॉम्प्युटर जुनाट. आमचे प्रोग्राम जावा नावाच्या यंत्रणेवर चालतात. कोणतंही काम सांगा, जावा चाळीस सेकंद आळोखेपिळोखे देत उठायची, दोन सेकंदांचं काम करायची अन् पुन्हा झोपायची. दिवसातून दोनशे वेळा! मी तर की-बोर्ड आपटायची. काकांनी उपाय काढला. जावा एकदाच उठवायची अन् मागे चालूच ठेवायची, टपरीवाला चहाचं पातेलं स्टोव्हवरून उतरवतच नाही ना, तसं. काम सांगितलं की लगेच हजर. आम्ही त्याला ‘मागचं’ म्हणायचो.

त्याची एकच खोड. जो प्रोग्राम एकदा वाचला, तोच धरून बसायचं. प्रोग्राम बदलला की मागचं बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर ते जुनंच दामटत राहणार. तीन तास काम मिळालं नाही तर आपोआपही बंद व्हायचं. ही मुदत कमी-जास्त करायची सोय काकांनीच ठेवली होती.

मग एका शाळेचं चौदाशे ओळखपत्रांचं काम आलं. अर्धी मुलं मराठी घरची, अन् आमचा प्रोग्राम हिंदी नावांसाठी लिहिलेला. ळ दिसला की ल करायचा. काळे झाले काले, गोळे झाले गोले. दोनदा छापून परत आलं. भैयानं काकांना बजावलं, “काकाजी, शनिवारी शाळेच्या मॅडम स्वतः येणार आहेत. इस बार गड़बड़ हुई, तो मैं आपको रख नहीं पाऊँगा.”

शुक्रवारी काकांना ती ओळ सापडली. त्यांनी ती दुरुस्त केली आणि चार वाजता दवाखान्यात पळाले. सरोजिनी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सहाला त्यांचा फोन आला, “ळचं काम झालं आहे बेटा. जाताना मागचं वाढवून दे बरं का.”

“हो काका,” म्हटलं अन् तीन तासांची मुदत चोवीस तास करून दिली. सकाळचे चाळीस सेकंद वाचले म्हणून वर खूशही झाले.

शनिवारी मॅडमसमोर पहिलंच कार्ड निघालं: गीतांजली काले. काकांनी प्रोग्राम उघडला. ओळ बरोबर. पुन्हा छापलं, पुन्हा काले. मागचं नवीन आहे, अशी त्यांची खात्री होती, मी ‘वाढवलं’ होतं ना! घाम पुसत ते एकच ओळ वाचून राहिले होते. मॅडम उठून गेल्या. भैया म्हणाला, “काकाजी, अब आप आराम कीजिए.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “मला माझी चूकच दिसून नाही राहिली.”

डबा पिशवीत टाकताना त्यांनी सहज विचारलं, “काल मागचं वाढवलं होतंस ना?”

“हो काका, चांगलं चोवीस तास!”

त्यांनी डबा पुन्हा टेबलावर ठेवला. “अगं, वाढव म्हणजे बंद कर. दुकान वाढवतात, फुटलेली बांगडी वाढवली म्हणतात. चालत्या गोष्टीला बंद कर म्हणू नये, आमची आई सांगायची.”

मला काय माहीत, बाप्पा! आम्ही इथलेच, कांचघर मोहल्ल्यातले. घरात मराठी, बाहेर दिवसभर हिंदी. मला वाढव म्हणजे बढ़ाओ. अन् मी काहीच केलं नसतं, तरी ते रात्री आपलं आपण बंद झालं असतं! आठवलं की आजही स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मागचं बंद केलं, सुरू केलं, छापलं. गीतांजली काळे. कार्ड घेऊन भैयाकडे धावले. “चूक माझी आहे. काढायचं तर मला काढा.”

“अच्छा, हो गया? बढ़िया!” त्यानं तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. मग म्हणाला, “पण काकाजींना आता नाही ठेवता येणार. मॅडमनी साफ सांगितलं आहे. तू संभाल लेगी.”

मी भांड भांड भांडले. भिंतीला तरी पाझर फुटला असता. काका दारातून म्हणाले, “भांडू नको बेटा. सांगणाऱ्यानंच नीट सांगायला पाहिजे होतं.” बघा! इथंही सोज्वळपणा. अहो, ओरडा ना माझ्यावर एकदा!

राजीनामा देते म्हटलं होतं. दिला नाही. माझंही घर आहे.

पुढच्या सोमवारी भैयानं काकांना दोन दिवसांसाठी बोलावलं, त्यांचं सगळं काम समजावून द्यायला. मला वाटलं, येणार नाहीत. येऊच नये, असंही वाटलं. दहाच्या ठोक्याला ते आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले अन् मला शिकवायला लागले.