वडिलांच्या गादीवर दोन इंच

वडील ज्या गादीवर गेले, तिच्यावरच आई पुढे तीन महिने झोपत होती, आणि तिला तिथं झोपायला लावणारी मी होते.

आमचं घर अवसरी बुद्रुकला. वडील शाळेत शिक्षक. शाळेतून उरलेला सगळा वेळ पत्रकांचा. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, तेराव्याच्या जेवणावळींविरुद्ध. मंचरहून छापून आलेले गठ्ठे ओसरीत सोडले जायचे आणि घड्या घालायला मी बसायचे. वाचायला शिकले तीच त्या घड्या घालता घालता. घरात देवाचं कॅलेंडर नव्हतं, पण 'बंधू-भगिनींनो, विचार करा' हे वाक्य प्रत्येक फळीवर होतं. आई चहा करून आणायची, गठ्ठे बाजूला सरकवून कप ठेवायची.

मग रक्तदाब चढून वडिलांची उजवी बाजू गेली. दीड वर्ष ते काथ्याच्या गादीवर पडून होते, पलंगाच्या बाहेरच्या बाजूला. भिंतीकडे आई. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. ते काम ती कुणाला करू देत नसे.

दहाव्याचा विधी आम्ही केला नाही, पण त्या दिवशी माणसं आलीच. धाकटे चुलते शेजारच्याच घरात राहतात. ते दारातून म्हणाले, "ती गादी उचला आता. उशी, चादर, समदं नदीला सोडायचं."

"का?"

"मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत."

"का ठेवत नाहीत ते सांगा ना."

"कारणं इचारायला ही काय शाळा हाय का?"

मी उभी राहिले. नदी ही कचराकुंडी नाही, गादीला मरण चिकटत नाही, आणि या घरात हे चालणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढला होता. चुलते बाहेर जाताना म्हणाले, "शोभतीस बापाची!" त्यांनी टोमणा मारला होता, पण मला तो बिल्ल्यासारखा छातीवर लावावासा वाटला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. ती काही बोलली नाही, आणि तिची संमती मी गृहीत धरली.

त्यानंतर आई सकाळी कंबर धरून उठायला लागली. दुपारी शेंगा निवडता निवडता मान खाली जायची. दूध दोनदा उतू गेलं. मंचरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, झोप झाली नाही तर हा असाच चढत राहील, आधी झोपेचं बघा. एक माणूस आम्ही रक्तदाबातच गमावला होता. मला भीती वाटली.

गादीवर हात फिरवला तेव्हा वडिलांच्या जागी खड्डा लागला. खांद्यापासून मांडीपर्यंत, ओंजळीसारखा. सरळ उपाय नवी गादी हाच होता. पण नवी आत आणायची तर जुनी बाहेर काढायची, आणि ती चुलत्यांच्या अंगणातूनच न्यावी लागणार. ते मला नको होतं. मोबाइलवर टॉपरच्या जाहिराती यायच्या. टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा फोमचा थर. ढगावर झोपा म्हणे. दिवसभर कांदा काढून कंबर मोडलेल्या बाईला ढग विकणाऱ्यांबद्दल एरवी मी दोन पानं लिहिली असती. त्या आठवड्यात मी त्यांची मापं वहीत उतरवून घेतली.

मंचरला ओळखीचे लोक, दहा प्रश्न विचारतील. म्हणून एसटीने आळेफाट्याला गेले. गॅरेजांच्या रांगेपुढे गाद्यांचं मोठं दुकान आहे. आत गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका आजोबांनी टोपीसकट नमुन्याच्या गादीवर आडवं होऊन डोळे मिटले होते. त्यांची बायको पिशवी धरून उभी होती.

"उठा की आता! का जेवायचं हितंच घेऊन येऊ?"

"थांब गं. पाठ काय म्हणती ते ऐकतोय."

"पन्नास वर्सं मी बोलती ते न्हाई ऐकलं. पाठीचं बरं ऐकता!"

दुकानदार हसला, मीही हसले. मग तो माझ्याकडे वळला. "बोला ताई, कुणासाठी?"

"आईसाठी."

"कुशीवर झोपतात का उताण्या?"

मला माहीत नव्हतं. आई कशी झोपते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. "कुशीवर," असं ठोकून दिलं.

त्याने तीन थर पुढे ठेवले. एकात हात दाबला की हाताचा ठसा राहायचा आणि हळूहळू भरून यायचा. "हा अंग धरतो, पण गरम व्हतो." दुसरा रबराचा, लगेच उसळणारा, उचलायला जड. तिसरा साधा, घट्ट फोमचा. "वयस्कर माणसाला हा दोन इंची घ्या. कुशीवर वळायला, उठायला सोपं पडतं. लई मऊ दिलं तर माणूस त्यात रुततं." मी प्रत्येकावर आडवी झाले. बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत होते. घट्ट फोमवर कंबर सरळ राहिली, खांद्याला टोचलं नाही.

"खालची गादी कशी हाय?" त्याने विचारलं. "खड्डा पडलेला नाय ना? नायतर टॉपर काय कामाचा नाय ताई. खालचा खड्डा वर येतो. आठ दिवसांत."

"गादी चांगली आहे," मी म्हणाले.

वडिलांनी आयुष्यभर लोकांना खरं बोलायला सांगितलं, आणि मी त्यांच्याच गादीसाठी खोटं बोलले. तेही ती घरात ठेवण्याच्या तत्त्वासाठी.

थर अंथरला, वर धुतलेली चादर घातली. आई बसून बघत म्हणाली, "मऊ हाय. चांगलं केलंस." दोन दिवस मी खूश होते. मग एका दुपारी मी शिकवते तो क्लास रद्द झाला आणि मी लवकर घरी आले. आई स्वयंपाकघरात फरशीवर झोपली होती. अंगाखाली काही नव्हतं, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं. तोंड उघडं, श्वास संथ. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या चपलेचा आवाज झाला तशी ती धडपडून उठली. चोरी पकडली गेल्यासारखी.

"फरशीवर का? कंबर दुखेल ना."

"कंबर हितं न्हाई दुखत."

"मग?"

ती लुगड्याची घडी करत राहिली. "तिथं झोपलं की मी त्यांच्या जागेत घरंगळती. जाऊ नये म्हणून रातभर भिंतीला चिकटून असती. जरा डोळा लागला की हात मागं जातो, कूस बदलायला. तिथं कोण न्हाई. मग जागीच."

"अगं, मग सांगायचं ना."

"कुणाला?" ती प्रथमच माझ्याकडे नीट पाहून बोलली. "भावजी म्हणाले टाका, तू म्हणालीस ठेवा. त्या गादीवर झोपायचं कुणी व्हतं? मला इचारलं का कुणी?"

मी तिच्याजवळ फरशीवर बसले.

"तुझ्या बापानंबी कधी न्हाई इचारलं. लोकांना इचारायचे, इचार करा म्हणून. मी चहा करत व्हते."

पत्रकांतल्या स्त्रियांवरच्या ओळी मला पाठ होत्या, अजून आहेत. त्यातली एकही मला तिच्यासमोर उच्चारता आली नाही.

"काय करायचं सांग," मी म्हणाले.

"भाईर काढायची ती. नदीला नको, तेवढं तुझं खरं व्हतं. काथ्या गुरांखाली घाल. ओल तरी धरंल."

पलंगावरून गादी एकटीला हलेना. चुलते अंगणातच होते. माझी ओढाताण बघून म्हणाले, "आली का अक्कल?"

आई दारात आली. "अक्कल न्हाई भावजी. मला झोप यीना."

त्यांनी वाकून दुसरी बाजू धरली. गोठ्यामागे आम्ही कापड कोयत्याने फाडलं. खड्ड्याच्या जागी काथ्या दबून पुठ्ठ्यासारखा झाला होता, हाताने सुटत नव्हता. चुलते तो तुकडा बराच वेळ हातात धरून होते. मग त्यांनी तो मला दिला आणि तोंड धुवायला गेले.

पलंगाच्या उघड्या फळ्यांवर नुसता टॉपर उरला. दोन इंचांखाली फळी जाणवत होती. आई भिंतीपासून दूर, मधोमध आडवी झाली. उताणी. मी दुकानात कुशीवर म्हणाले होते.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"कडक हाय."

"नवी गादी आणू का? आपण दोघी जाऊ."

"बघू," ती म्हणाली. "आधी ह्याच्यावर झोप येती का ते बघू दे." तिने डोळे मिटले. झोप आली नव्हती, पापण्या हलत होत्या. मी पायाशी बसून राहिले. थोड्या वेळाने तिचा हात बाजूला सरकला, चादर चाचपून थांबला आणि तिथंच राहिला.