दीड इंच माया

मास्तरांनी जन्मात एकच उधळपट्टी केली, आणि तीही दुसऱ्याच्या कापडाची. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. माणूस जाड झाला, पोर वाढलं, शिवण उसवली, तर हीच माया कामाला येते. साधारण कटिंग मास्तर अर्धा इंच माया सोडतो. आपले मास्तर दीड इंच सोडत. का म्हणून विचारलं तर म्हणत, "उद्या तो माणूस सुटला, तर काय उघडा फिरेल?"

कारखान्याच्या मालकीणबाईंना हे अजिबात खपत नसे. नवरा गेल्यावर बाईंनी कारखाना हातात घेतला, त्याला बावीस वर्षं झाली होती. त्याआधी त्यांनी स्वतःच्या ब्लाउजचं हुकसुद्धा कधी लावलं नव्हतं, असं बायका म्हणत. पण कामाला वाघ. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कटिंग रूमच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत न येताच म्हणायच्या, "मास्तर, माया कमी ठेवा."

"हो बाई," मास्तर म्हणायचे, आणि खडूने दीड इंचावर रेघ मारायचे.

"तुमच्या मायेपायी मी भिकेला लागणार एक दिवस."

"तोवर तुम्हालाही एक कोट शिवून ठेवतो बाई."

असं बावीस वर्षं चाललं. एवढं भांडण नवरा-बायकोतही टिकत नाही.

मग तो आजार आला. आधी तो बातम्यांत होता, लांब कुठेतरी. मास्तरांच्या कारखान्यात तो माणसाच्या अंगातून नाही, फोनमधून शिरला. परदेशातल्या दुकानदाराने कळवलं, की दुकानंच बंद आहेत, थंडीचे कोट नकोत. नऊशे कोट अर्धे शिवून झाले होते. बाह्या लावायच्या राहिलेले ते कोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दांडीला टांगले गेले, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे पाहायचं सगळ्यांनी टाळलं.

एक धंदा बुडाला की तो एकटा बुडत नाही. धागा आणून देणारा माणूस भाजीची गाडी ढकलू लागला. बटणवाल्याचा फोन लागेना. समोरच्या चहाच्या टपरीवर फळी आडवी पडली ती पडलीच. कारखान्यात साठ बायका होत्या, त्यांतल्या एकोणीस उरल्या. कुणाला घरी पाठवायचं ती यादी बाईंनी मास्तरांना करायला सांगितली, आणि मास्तरांनी पहिलं नाव स्वतःच्या सुनेचं लिहिलं. कुणी बोट दाखवू नये म्हणून. सून काही बोलली नाही. ताट वाढताना आता ती "बाबा, अजून घ्या" म्हणत नसे, एवढंच. मास्तरांना ते रोज घासागणिक टोचायचं.

अशात बाईंनी कुठून तरी एक काम ओढून आणलं. इस्पितळांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीला डॉक्टर-नर्सनी घालायचे गाऊन हवे होते. नमुना म्हणून पहिले तीनशे. ते पसंत पडले तर सहा महिने काम. बाईंनी सगळ्यांना अंतराअंतरावर उभं करून सांगितलं, "हे जमलं तर गेलेल्या बायकांना परत बोलावू. नाही जमलं तर मला गेटला कुलूप लावावं लागेल. मी आता आणखी ओढू शकत नाही." बाई कधी हरल्याचं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

कापड यायला नऊ दिवस लागले. न विणलेलं, कागदासारखं, पाणी न शिरणारं निळं कापड. मोजून तेवढंच मिळालं, गिरणीने हात वर केले. आणि कापड आलं त्याच दिवशी बाईंना ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्या इस्पितळात होत्या, नाकाला नळी. बोलता येत नव्हतं. फोनवर लिहीत तेवढंच.

शुक्रवारी चार वाजता तपासनीस येऊन तीनशे गाऊन नेणार होता. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मास्तर कटिंग टेबलाशी उभे होते. पुठ्ठ्याचा साचा कंपनीनेच पाठवला होता. तो नेमक्या मापाचा होता, त्यात माया धरलेली नव्हती. मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या दीड इंचाने तीनशे गाऊन काही बसत नव्हते. दोनशे साठ, ओढूनताणून. अर्ध्या इंचाने बेतलं तर बसले असते, पण बावीस वर्षांची सवय हाताला सुटत नव्हती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाईंचा निरोप होता.

"मास्तर कापड एवढंच आहे माया सोडू नका"

मास्तरांना पहिल्यांदा हसू आलं. बाई मरणाच्या दारात आहेत, आणि तिथूनही मायेवर ओरडताहेत. मग हसू विरलं. मायाच सोडायची नाही? अर्धा इंचही नाही? कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनच्या दातापुरतं पाव इंच तरी हवंच. त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहिलं, "बाई, म्हणजे ठेवू की नको ठेवू?"

निरोप पोचला. वाचल्याची खूण निळी झाली. वर अक्षरं उमटली, बाई काहीतरी लिहीत होत्या. मास्तर फोन हातात धरून उभे राहिले. अक्षरं गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. मग काहीच नाही.

पंधरा मिनिटं त्यांनी वाट पाहिली. बाहेर एकोणीस मशिनी रिकाम्या, बायका हातावर हात ठेवून बसलेल्या.

"मास्तर, कापता की मुहूर्त काढता?" लाइन सांभाळणारी भोंगाताई दारातून ओरडली. तिच्या आवाजामुळे कारखान्याचा भोंगा गंजला तरी कुणाला कळलं नव्हतं, म्हणून हे नाव.

बाई वैतागल्या असतील, मास्तरांच्या मनात आलं. एवढं साफ लिहिलंय, तरी हा माणूस विचारतोच. त्यांना राग आला, थोडा बाईंचा, जास्त स्वतःचा. बावीस वर्षं आपण एकदाही ऐकलं नाही. आज ऐकू. त्यांनी दीडशे थर लावले, पाव इंचावर रेघ मारली आणि कटर चालू केला. दीडशे थर एकदम कापले जातात. एकदा पातं फिरलं, की देवालाही ते कापड जोडता येत नाही.

पहिला गाऊन सव्वादहाला शिवून झाला. मास्तरांनी तो भोंगाताईला घालायला लावला.

"आता हात वर कर."

भोंगाताईने हात वर केले. काखेत चर्र झालं. शिवण उसवली नाही, शिवणीच्या काठाने कापडच फाटलं, खांद्यापासून बरगडीपर्यंत. कोपऱ्यातून कुणीतरी "अगं आई" म्हणालं. दुसरा शिवला, तोही फाटला. तिसरा हळूच घातला, तरी फाटला.

भोंगाताईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "एवढी बारीक माया? तुम्ही?"

मास्तरांनी तिला फोन दाखवला. तिने वाचलं, परत वाचलं. मग मास्तरांकडे असं पाहिलं, की ते मागे सरले.

"मास्तर, सोडायची हा तुमचा शब्द. तुम्ही म्हणता, अर्धा इंच सोड, एक इंच सोड. बाई कधी म्हणाल्या सोडा? बाई म्हणतात ठेवा. कमी ठेवा, जास्त ठेवू नका. रोज नऊ वाजता. मला झोपेतही ऐकू येतं."

"मग?"

"मग काय! सोडू नका म्हणजे टाकू नका. कापड कमी आहे म्हणून मायेवर कात्री चालवू नका, असं म्हणाल्यात बाई. त्यांना सोडायची म्हणजे राखायची, हे कुठून ठाऊक असणार?"

मास्तर टेबलाला टेकले. ऐकायला इतकं सोपं होतं. आणि तरी खात्री कशी देणार? बाईंना विचारावं तर फोन गप्प. त्यांनी तीनदा लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यांना सुनेचा चेहरा दिसला, आणि त्या यादीतल्या बाकी चाळीस बायकांचे.

"आता एक करा," भोंगाताई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. "हे दीडशे तसेच शिवू. घडी घातली की कोण ओळखतं? गठ्ठ्याच्या मधे घालू, वर-खाली चांगले ठेवू. तो माणूस वरचे दोन उघडून बघेल आणि नेईल. एकदा काम मिळालं की पुढचे तुमच्या दीड काय, दोन इंचाचे कापा."

एकोणीस बायका मास्तरांकडे पाहत होत्या. एकीनेही नको म्हटलं नाही. मास्तरांनी त्यांना दोष दिला नाही. मास्तरांच्याही मनात तो विचार भोंगाताईच्या आधीच येऊन गेला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"बाई आत्ता कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"इस्पितळात."

"त्यांना कुशीवर वळवायला नर्स दोन्ही हात घालणार. तिच्या अंगात यातलाच एखादा गाऊन असला तर?"

भोंगाताईने नाक ओढलं, मशीनवर बसली आणि म्हणाली, "बसलात काय बघत? रिळं भरा."

उरलेल्या कापडात मास्तरांनी दीड इंचावर रेघ मारली. एकशेतीस बसले. त्यांनी कटर चालवला तेव्हा हाताला घाम होता, म्हणून दोनदा थांबून हात पुसले. चार वाजायला दहा मिनिटं असताना शेवटचा गाऊन घडी होऊन गठ्ठ्यावर पडला. जेवणाचे डबे कुणी उघडलेच नव्हते.

तपासनीस तरुण माणूस होता, तोंडावर दोन मास्क, डोळ्यांखाली काळं. त्याने गाऊन अंगावर चढवून हात वर केले, वाकला, बसला, काखेत दोन्ही मुठींनी ओढलं. काही झालं नाही. त्याने गठ्ठे मोजले.

"हे एकशेतीस आहेत. तीनशे ठरले होते."

"हो."

"आणि तो तिकडचा ढीग?"

बाईंचा निरोप दाखवता आला असता. त्यांनी फोन खिशातच ठेवला.

"ते मी चुकीचे कापले. घातल्यावर फाटतात. माझी चूक, बायकांची नाही."

तपासनीस ढिगापर्यंत गेला, तिथला एक शिवलेला गाऊन उचलून त्याने दुसऱ्या काखेत किंचित ताणला, आणि तो तिथेही फाटला. मग तो बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. काचेतून त्याचा हात हललेला दिसत होता. भोंगाताई रिकाम्या मशीनचं चाक पुढे-मागे फिरवत होती.

तो आत आला. "साहेब चिडलेत. एवढं कापड वाया घालवणाऱ्याला सहा महिन्यांचं काम देता येत नाही म्हणाले. तीन महिन्यांचं देतील. कापडही निम्मंच." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "दुसऱ्या दोन कारखान्यांत गठ्ठ्यांच्या मधे फाटके सापडलेत मला. तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून तीन महिने तरी."

निम्मं काम म्हणजे गेलेल्या बायका परत येणार नव्हत्या. पण गेट उघडं राहणार होतं. कुणी आनंदाने ओरडलं नाही. एकीने डबा उघडला आणि सगळ्याच जेवायला बसल्या, पाच वाजता.

त्या जेवत असतानाच बाईंची लेक गेटपाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. तिच्या हातात इस्पितळातून मिळालेली पारदर्शक पिशवी होती. तिच्यात बाईंचा चष्मा, किल्ल्या आणि फोन. तिने काही सांगायच्या आधीच भोंगाताईच्या हातातला घास डब्यात पडला.

"सकाळी साडेआठला," लेक म्हणाली. "आईच्या हातात फोन होता म्हणे. मास्तरकाका, हे तुमच्यासाठीच लिहीत होती. पाठवायचं राहिलं. मला काही अर्थ लागला नाही."

तिने पिशवीतूनच फोन मास्तरांपुढे धरला. प्लॅस्टिकखाली अर्धवट ओळ दिसत होती.

"ठेवा मास्तर तुमची नेहमीची दीड"

मास्तरांनी ती ओळ वाचली. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि साठीच्या घरातला तो माणूस एकोणीस बायकांसमोर हुंदके देऊन रडला.

दहा दिवसांनी, सोमवारी, नवीन कापड आलं. लेकीने किल्ल्या मास्तरांकडेच ठेवल्या होत्या, त्यामुळे गेट त्यांनीच उघडलं. थर लागले. मास्तरांनी खडू घेतला, दीड इंचावर टेकवला, आणि थांबले. नऊ वाजले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"हो बाई," ते म्हणाले, आणि रेघ मारली.