देवाची का मनाची

"देवाची का मनाची?"

कराडच्या कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात चढला, की आमचे एक जुने पट्टेवाले त्याच्याकडे थोडं वाकून आधी हे विचारायचे. म्हणजे देवाची शपथ घेणार, की देवाचं नाव न घेता मनापासून खरं सांगेन म्हणणार? कायद्यात दोन्ही आहे, पण विचारतो कोण? तुम्ही कधी कोर्टात गेला असाल, तर शिपाई शपथ कशी एका दमात उरकतात ते पाहिलं असेलच. मी तिथे लघुलेखक होतो. साक्षीच्या वर 'शपथेवर' की 'प्रतिज्ञेवर' हे मलाच टाइप करावं लागे.

एकदा चिडून मी त्यांना म्हटलं, सगळे देवाचीच घेतात, उगाच वेळ का घालवता? हे गृहस्थ स्वतः पहाटे संगमावर अंघोळ करून, कपाळभर गंध लावून कामावर येणारे. पण देश उभा करणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल त्यांचं वाचन दांडगं. त्यांतलं कोण रोज पूजा करायचं, कोण नमाज चुकवायचं नाही, कोण देवाचं नावही काढायचं नाही, हे ते भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगायचे. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आवं, घटनेतली शपथ लिवताना ही समदी एकाच सभेत बसली व्हती. देव मानणाऱ्यांनी न मानणाऱ्यांसाठी जागा ठिवली. ती मी कशी बुजवू?"

मला ते पुस्तकी वाटलं. मी हसलोही.

ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. कोयनानगरच्या घाटात ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. मागे हे बसले होते, यांना फक्त खरचटलं. खटला आमच्याच कोर्टात उभा राहिला आणि त्यांची साक्ष निघाली. नवा शिपाई देवाची शपथ सांगू लागला, तसा त्यांनी हात वर केला.

"नगं. मनाची सांगा."

माझी बोटं थांबली. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मी 'प्रतिज्ञेवर' लिहिलं. इतक्या वर्षांत एखादा शब्द टाइप करताना मला रडू आलं असेल, तर तो हाच. साक्ष त्यांनी न अडखळता दिली.

पुढे त्यांना दम लागू लागला, म्हणून घरी भेटायला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. त्यांच्या बायकोचे हात थरथरायचे, म्हणून भिंतीला धरून तेच उठले. समईत तेल घातलं, वात पुढे सारली, काडी ओढली. मग ती येऊन हात जोडून बसली. हेही शेजारी बसले, पण हात मांडीवरच राहिले. तिचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे तिला ते दिसलं नाही.

मला सोडायला अंगणात आले तेव्हा आपणहून बोलले. "माजा देव त्या घाटातच ऱ्हायला. तिचा हाय अजून. पोरगं त्येच्यापाशी सुखात हाय म्हणती. तेवढ्यावर जगतीया ती. तिला कळू देऊ नगा."

मी शब्द दिला.

गेल्या महिन्यात ते गेले. सुतकात भेटायला गेलो, तर वहिनींनी मला जवळ बसवून घेतलं. पोरगं गेल्यावर त्यांना जगावंसं वाटत नव्हतं म्हणे. पण नवऱ्याची भक्ती बघून त्या तगल्या. इतकं दुःख होऊनही त्यांनी एक दिवस दिवा चुकवला नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, "आता बाप-ल्योकाची भेट झाली आसंल न्हवं?"

"झाली असेल," मी म्हणालो. पुढे मला तिथे बसवेना. उठलो आणि दारात चपला शोधू लागलो.