शनिवारचा मेसेज

दर शनिवारी शाळा सुटायच्या आत ‘या आठवड्यात आम्ही काय शिकलो’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर गेलाच पाहिजे, असा आमच्या मुख्याध्यापकांचा दंडक. बिडकीनच्या अलीकडची आमची शाळा, आणि माझ्याकडे दुसरीचा वर्ग. खरं सांगते, आमच्यातलं कुणीच तो मेसेज शनिवारी लिहीत नाही. गुरुवारी नियोजनाच्या वहीतून उतरवून काढायचा आणि शनिवारी नुसता पाठवून द्यायचा. वहीत जे शिकवायचं ठरलं, ते शिकवून झालं असं धरायचं. बहुतेक वेळा ते होतंही. शिवाय हे मेसेज वाचतंय कोण, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या आठवड्यात शुक्रवारी-शनिवारी घड्याळ होतं. सव्वा, साडे, पावणे. पुठ्ठ्याची घड्याळं मी हौसेने कापून, काटे लावून कपाटात ठेवली होती. पण शुक्रवारी वरून कसलीशी माहिती तातडीने मागवली आणि दोन्ही दिवस ती भरण्यातच गेले. वर्गाला शुद्धलेखन देऊन मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. घड्याळं कपाटातच राहिली. मेसेज मात्र वेळेवर गेला: ‘मुले घड्याळ पाहून अचूक वेळ सांगतात.’ त्यातला ‘अचूक’ माझ्या पदरचा.

सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ऑफिसात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती, मुलीचं मनगट घट्ट धरून. बाई घरी शिलाईकाम करते. स्वतः उर्दू शाळेत शिकलेली. माझा मेसेज ती एकेक अक्षर लावून वाचते आणि त्यातलं मुलीला विचारून बघते, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत एक वाचक मिळाला आणि तो असा.

“शनिवारी हिला विचारलं, घड्याळात किती वाजले,” ती म्हणाली. “तर म्हणती, मॅडमनी शिकवलंच नाय. तीनदा विचारलं, तीनदा तेच. अभ्यास नाय आला तर मी काही बोलत नाय, मॅडम. पण मॅडमच्या नावावर खोटं? काल गंगापूरला माझ्या बहिणीची शादी होती. सगळे गेलो. हिला दादीजवळ घरी ठेवलं.”

मुलगी खाली मान घालून उभी होती. सात वर्षांची पोर, खरं बोलली म्हणून सख्ख्या मावशीच्या लग्नाला मुकली होती.

“घड्याळ झालंय ना, मॅडम?” मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांच्या टेबलावर माझी नियोजनाची वही उघडीच होती आणि घड्याळापुढे मी केलेली बरोबरची खूण मला उभ्या जागेवरून दिसत होती.

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या शिक्षकांत माझी वही नमुना म्हणून फिरायची, हे त्या क्षणी डोक्यात यावं याची मला आजही लाज वाटते. मी नुसती मुलीकडे बघत राहिले.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

“शिकवलं होतं,” ती म्हणाली. “मीच इसरले.”

आईने सुस्कारा सोडला. “अब बोली सच्ची! चल, मॅडम से माफी मांग.”

मुलीने लगेच दोन्ही हातांनी कान पकडले. हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती, लग्नासाठी काढलेली, चांगली रंगलेली. ती उठाबशा काढायला वाकली आणि मला ते बघवेना.

“कान सोड,” मी ओरडलेच. “सोड म्हणते ना!” मग आईकडे वळले. “ती शनिवारी खरं तेच बोलली होती. मी घड्याळ शिकवलेलं नाही. न शिकवताच लिहून टाकलं.”

मुख्याध्यापकांनी वही मिटली. बाईने मला चार शब्द सुनावावेत, असं मला मनापासून वाटत होतं. त्याने निदान मला हलकं वाटलं असतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीसमोर उकिडवी बसली, तिचे मेंदीचे हात हातात घेतले आणि हळू आवाजात विचारलं, “फिर अब झूट कायकू बोली गे?”

मुलीने पुन्हा माझ्याकडे बघितलं, बोलू का असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

“मॅडम माझ्याकडं बघू लागल्या होत्या,” ती म्हणाली.