तळं की पाखरू

डिजिटल कॅमेरे नुकतेच आवाक्यात आले होते. मी बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला होतो आणि पाखरांचे फोटो काढायचं मला वेड होतं. चित्र टिपणारा आतला सेन्सर मोठा असलेला कॅमेरा घ्यावा की लहान असलेला, हे काही केल्या ठरेना. शेवटी मित्रांकडून दोन्ही मागून आणले आणि एका रविवारी बायकोसोबत चामोर्शीजवळच्या तळ्यावर गेलो.

पाण्यातल्या काठीवर खंड्या बसला होता. एकच लेन्स आलटूनपालटून लावून मी दोन्हींत त्याचा फोटो घेतला. जाळं सुकवणारी एक बाई कुतूहलाने जवळ आली. मोठ्या सेन्सरच्या फोटोत खंड्याभोवती पाणी आणि कमळाची पानं बरीच आली होती. लहान सेन्सर फक्त मधलाच भाग टिपतो, त्यामुळे त्यात खंड्या चांगला दीडपट दिसत होता.

"याच्यात तळं दिसून राह्यलं, त्याच्यात पाखरू," बाई म्हणाली. "तुले काय पायजे, भाऊ?"

"पाखरू!" माझ्याआधी बायकोच बोलली.

महिन्याभरात लहान सेन्सरचा कॅमेरा घेऊन आम्ही पुन्हा तिथेच गेलो. पहिला फोटो त्या बाईचाच काढायचा होता, पण त्याच लेन्समधून ती चौकटीत मावेना. मी मागे मागे सरकत राहिलो.

"आता तळ्यात पडशीन!" ती खळखळून हसली आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.